किनाऱ्याला लागलो एकदाचे

शिडाच्या बोटीवर राहतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र येतं. त्यात मी पांढरी हॅट घालून बोटीच्या नाकावर बसलेली असते आणि नवरा सुकाणू धरून क्षितिजाकडे बघत असतो. क्षितिजाकडे तो बघतो, खोटं कशाला बोलू? त्या वेळी मी मात्र खाली तळाशी डोकं घालून पाणी पुसत असते. ते पाणी कुठून येतंय, हे क्षितिजावर लिहिलेलं नसतं.

तर, सलग चार दिवस बोट हाकून आम्ही उष्ण कटिबंधातल्या एका लहानशा बंदरात शिरलो. चार दिवस म्हणजे फार लांब आलो असं समजू नका. आमची बोट 5 नॉटने, म्हणजे ताशी नऊ-सव्वानऊ किलोमीटरने जाते. सायकलवाला शीळ घालत पुढे निघून जाईल. शिवाय रात्रंदिवस तीन-तीन तासांचे पहारे. एक जागा तेव्हा दुसरा झोपलेला. चार दिवसांतला आमचा संसार म्हणजे पहारा बदलताना कानावर पडणारं "तो दिवा मच्छीमाराचा आहे, लक्ष ठेव."

म्हणून ठरलं होतं, इथे दोन दिवस सुट्टी. बोटीचं नाव काढायचं नाही. दीपगृह, जुना बाजार आणि नारळीच्या सावलीतली वाळू, एवढीच माझी यादी. नवऱ्याला मुळात थांबणं म्हणजेच कमीपणा वाटतो. नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही फक्त चार थांबे घेऊन, अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये तोही हिशेब मिटवला, एकही थांबा नाही. हे तो मला दर बंदरात ऐकवतो. मी दर बंदरात त्याला आठवण करून देते की दोघांच्याही बोटीवर बायको नव्हती.

नांगर टाकायला म्हणून इंजिन सुरू केलं आणि दहाव्या मिनिटाला ते किंचाळायला लागलं. तापलं होतं. 5 मीटर पाण्यात 25 मीटर साखळी सोडून नांगर एकदाचा धरला, पंप उघडला, तर आतली रबरी चकती मोडलेली. इम्पेलर म्हणतात त्याला. तळहातावर मावेल एवढं काळं फूल, सहा पाकळ्यांचं. ते फिरतं, समुद्राचं पाणी आत ओढतं आणि इंजिन थंड राहतं. आमच्या फुलाला चारच पाकळ्या उरल्या होत्या. उरलेल्या दोन पाण्याबरोबर पुढे जाऊन नळीत अडकलेल्या, त्या काढण्यात संध्याकाळ गेली. दुसरा इम्पेलर बोटीवर असायला हवा होता. कोणाच्या खात्यात होतं ते, यावर रात्री चर्चा झाली. तपशील देत नाही.

सकाळी पिवळा झेंडा लावला. परक्या बंदरात कागदपत्रं होईपर्यंत तो लावायचा आणि एकट्या कप्तानाने किनाऱ्यावर जायचं, असा बऱ्याच ठिकाणचा रिवाज. कप्तान गेला आणि शिक्के मारून परत आला. कागद बघितला. कप्तान : तो. खलाशी : मी. वीस वर्षांच्या संसारावर सरकारी मोहोर.

मग डिंगीतून, म्हणजे बोटीवरच्या लहान होडीतून, धक्क्यावर. भरती पुरती चढली होती, पाणी थेट वरच्या पायरीला. नवऱ्याने डिंगी कठड्याच्या कडीला बांधली. दोरी आखूड ठेवली, शेजारच्या होड्यांना धक्के नकोत म्हणून. बोलाइनची गाठ अशी झोकात मारली की दोनदा मागे वळून बघितली. शेजारी एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानेही बघितली.

चार दिवसांनी जमिनीवर पाय ठेवला की जमीन डुलते. हे कवितेत छान वाटतं. प्रत्यक्षात मी पहिल्याच दुकानात शिरून काउंटर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि दुकानदाराने माझ्याऐवजी नवऱ्याकडे दयेने पाहिलं. डोक्यावर सूर्य असा की स्वतःची सावलीसुद्धा पायाखाली लपून बसलेली. बोटीवर निदान वारा असतो.

हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ते मोडकं फूल. प्रत्येक जण ते बाहेर काढायचा, उलटसुलट करायचा, वास घ्यायचा आणि कुठल्या तरी दिशेला हात दाखवायचा. का कोण जाणे, पण वास सगळ्यांनी घेतला. मोटारसायकलवाल्याने मिक्सरवाल्याकडे पाठवलं, मिक्सरवाल्याने शिलाई मशीनवाल्याकडे. शिलाई मशीनवाला बिचारा खरंच हळहळला. त्याने आम्हाला बसायला स्टुलं दिली आणि पंखा आमच्याकडे वळवला. त्या सबंध दिवसातली सुट्टी म्हणजे ती सात मिनिटं.

जुना बाजार आम्ही तीनदा ओलांडला. डावीउजवीकडे काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण नवरा पुढे आणि मी त्याच्या पाठीकडे बघत मागे. अखेर शेतीपंपांच्या दुकानात एका गृहस्थाने फूल हातात घेतलं, वास न घेता कॅलिपरने मोजलं आणि खालच्या खणातून तसंच्या तसं नवं काढलं. नवऱ्याने तीन घेतले. आमच्या लग्नात एवढा खुललेला मी त्याला पाहिला नव्हता.

"चल, आता निवांत गाव बघू," तो म्हणाला. पाच वाजले होते. दीपगृह दुकानाच्या मागेच होतं. मागून पाहिलं. बंद झालं होतं.

धक्क्यावर आलो आणि डिंगी दिसेना. कठड्यावरून वाकून बघितलं तेव्हा दिसली. पौर्णिमा कालच होऊन गेलेली, म्हणजे ऐन उधाणाचे दिवस. भरती जेवढी चढते, ओहोटी तेवढीच खोल जाते. सव्वासहा तासांत पाणी तीन मीटर उतरलं होतं आणि दोरी होती हातभर. डिंगी नाकाने कडीला लटकत होती, खुंटीवर रेनकोट टांगावा तशी. बुडाचं मोटार इंजिन चिखलात टेकलेलं, वल्ही चिखलात, माझी चप्पल चिखलात. आतल्या डबक्यात एक खेकडा होता. त्याला मात्र वाळू मिळाली होती.

"भरतीचं वेळापत्रक सकाळी मी मोठ्याने वाचलं होतं," मी म्हणाले.

"हो, मी ऐकलं."

"मग?"

"ऐकलं ना."

पाणी परत येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. ओहोटीनंतर पहिला तासभर तर ते जेमतेम वीतभर चढतं, खरा जोर तिसऱ्या-चौथ्या तासात. आम्ही पायरीवर बसलो. डास आले. म्हातारा कोळी अजून तिथेच होता. जाळ्यातलं एक भोक सांधून झालं तसं त्याने आमच्याकडे पाहिलं, मग वाकून डिंगीकडे पाहिलं.

"सकाळीच सांगणार होतो," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "पण गाठ इतकी सुंदर होती."

नवरा माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर चक्क समाधान.