शिंपल्यात न मावणारी ॲफ्रोडायटी

'ग्रीकांची प्रेमदेवता ॲफ्रोडायटी शिंपल्यातून जन्मली. ती निव्वळ रूपाची देवी, युद्धाशी तिचा काडीचाही संबंध नाही. पंखवाला क्युपिड हे तिचं बाळ, आणि स्त्रीलिंगाचं चिन्ह (♀) म्हणजे तिच्या हातातला आरसा.' अशा आशयाचा मजकूर सुंदर चित्रासह सतत पुढे पाठवला जातो. मुलांच्या प्रकल्पवहीतही तो उतरलेला पाहिला, तेव्हा राहवलं नाही.

आधी शिंपला. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ग्रीक कवी हेसिअडने तिची जन्मकथा सांगितली, ती अशी : क्रोनसने आपल्या बापाचं, युरेनसचं लिंग कापून समुद्रात भिरकावलं. त्याभोवती फेस जमला आणि फेसात एक मुलगी वाढली. किथेरा बेटाजवळून वाहत ती सायप्रसला लागली, आणि तिच्या पावलांखाली गवत उगवलं. 'आफ्रोस' म्हणजे फेस, त्यावरून हे नाव, असं तो म्हणतो. यात शिंपला कुठेच नाही. तो नंतरच्या मातीच्या मूर्तींत येतो, पाँपेई या रोमन शहरातल्या भिंतीवर दिसतो, आणि १४८५ च्या सुमारास इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीने रंगवल्यावर कायमचा चिकटतो. होमरच्या इलियड या महाकाव्यात तर ती देवांचा राजा झ्यूस आणि डायोनी यांची मुलगी आहे, म्हणजे फेसही नाही.

क्युपिड हे नाव रोमन. ग्रीक नाव इरोस, आणि हेसिअडच्या मते तो सृष्टीच्या आरंभीचा, म्हणजे ॲफ्रोडायटीहून थोरला. ती समुद्रातून आल्यावर तो तिच्या मागोमाग चालतो. तिचा मुलगा तो पुढच्या कवींनी केला.

युद्धाबद्दलच्या विधानाला मात्र आधार आहे, हे मान्य करायला हवं. इलियडमध्ये डायोमिडीस हा ग्रीक योद्धा तिच्या हातावर भाला मारतो, आणि झ्यूस तिला समजावतो की लढाई तुझं काम नव्हे, तू लग्नाचं बघ. पण कवीने सांगितलं म्हणून देवळांतली देवी बदलत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर हिंडलेल्या पॉसेनिअसने स्पार्टात तिची शस्त्र धारण केलेली लाकडी मूर्ती पाहिली. किथेरातही तशीच. करिंथच्या गडावरच्या देवळातही ती सशस्त्रच होती. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की सायप्रस आणि किथेरा इथली तिची देवळं पूर्वेच्या किनाऱ्यावरून, सीरियाच्या मुलखातून आलेली. त्या बाजूची इश्तार प्रेमाचीही देवी आणि रणाचीही, हे लक्षात घेतलं की हातातल्या शस्त्राचं नवल वाटत नाही.

'निव्वळ रूपाची' या शब्दांना सर्वांत मोठं उत्तर सायप्रसमधल्या पाफोसला आहे. तिचं सर्वांत मानाचं ठाणं ते, आणि तिथे चेहरा असलेली मूर्तीच नव्हती. पूजा होई ती वर निमुळत्या होत गेलेल्या एका दगडाची. रोमन इतिहासकार टॅसिटसने त्याचं वर्णन केलं आहे, रोमन नाण्यांवरही तो कोरलेला दिसतो. आपल्याकडे ज्यांनी देवीचा तांदळा पुजला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नाक-डोळे नसले म्हणून देवीपण उणं होत नाही.

आरशाची गोष्ट कानाला गोड लागते. पण वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९६२ मध्ये नर-मादीच्या चिन्हांचा माग काढला, तेव्हा त्यांना हे चिन्ह तिच्या ग्रहाच्या, शुक्राच्या 'फॉस्फोरस' या ग्रीक नावाच्या अक्षरांचं आखूड रूप असावं, हे अधिक पटलं. मलाही तेच पटतं. वनस्पतींतल्या मादीसाठी ते वापरात आणलं स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने, अठराव्या शतकात.

मजकुरात ज्यांचा उल्लेखच नाही असे तिचे भक्त म्हणजे खलाशी. क्निडोस या ग्रीक शहराचे लोक तिला 'युप्लोइया' म्हणत, सुखरूप समुद्रप्रवास देणारी. इसवी सनापूर्वी ३९४ मध्ये त्याच क्निडोसजवळ स्पार्टाचं आरमार बुडवल्यावर कोनोन या अथेनियन सेनानीने अथेन्सच्या पिरेअस बंदरात देऊळ बांधलं, ते ॲफ्रोडायटीचं.