खुलासा : ‘तापमान वाढवा, जास्त विरघळेल’ हे अर्धसत्य

अतिक्रांतिक (वायूसारखा पसरणारा, पण द्रवासारखा विरघळवणारा) कार्बन डायऑक्साइडबद्दल एक विधान सध्या फिरतंय : तापमान वाढवलं की त्यात सेंद्रिय संयुगांची विद्राव्यता वाढतेच. साखर-पाण्यावरून बांधलेला हा अंदाज इथे फसतो.

हा वायू ३१ अंश सेल्सियस आणि सुमारे ७४ बार दाबाच्या पुढे अतिक्रांतिक होतो. त्याची विरघळवण्याची ताकद मुख्यतः घनतेवर ठरते. १०० बारला ४० अंशांवर घनता घनमीटरला साधारण ६३० किलो असते. ६० अंशांवर ती २९० च्या आसपास घसरते. म्हणजे तापवल्यावर द्रावकच विरळ झाला! दुसरीकडे, उष्णतेने विद्राव्याचा (विरघळणाऱ्या पदार्थाचा) बाष्पदाब (वाफ होण्याची ओढ) वाढतो, तो विरघळायला मदत करतो. ही रस्सीखेच आहे. कमी दाबाला घनता जिंकते, म्हणून विद्राव्यता घटते. जास्त दाबाला (३०० बारला हीच घनता ९१० वरून ८३० वर येते, फरक किरकोळ) बाष्पदाब जिंकतो. मधला दाब, जिथे वेगवेगळ्या तापमानांचे आलेख एकमेकांना छेदतात, तो प्रत्येक संयुगाचा वेगळा. नॅप्थलीन (डांबरगोळ्यांतलं रसायन) हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

याच वेगळेपणामुळे दाब-तापमान बदलून मिश्रणातला हवा तो घटक निवडून काढता येतो.

‘अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइड सगळंच विरघळवतो’ हेही चूक. अध्रुवीय (विद्युतभार समान विभागलेले), लहान रेणू सहज विरघळतात. साखरा, प्रथिने जवळजवळ नाहीत. ध्रुवीय संयुगांसाठी थोडं इथेनॉल मिसळतात.