संसदेच्या वर बसलेली क्विझ

जपानच्या राज्यघटनेत १०३ कलमं आहेत. 'कोकुमिन क्विझ', म्हणजे राष्ट्रीय क्विझ, या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, त्यात १०४ वं कलम आलेलं आहे. राष्ट्रीय क्विझ ही राज्यसत्तेची सर्वोच्च संस्था आणि तिचा निर्णय सरकार, कायदेमंडळ, न्यायालय या सगळ्यांच्या वर, असं ते कलम सांगतं. खऱ्या घटनेच्या ४१ व्या कलमात 'राज्यसत्तेची सर्वोच्च संस्था' हा मान संसदेचा आहे. लेखकाने तो मान उचलून एका टीव्ही कार्यक्रमाला दिला.

कथा सुगिमोतो रेइइची यांची, चित्रं कातो शिनकिची यांची. कोदान्शा या जपानी प्रकाशनसंस्थेच्या 'मॉर्निंग' साप्ताहिकात हा मांगा १९९३ मध्ये सुरू झाला. जमीन आणि शेअरचे फुगलेले भाव तेव्हा कोसळले होते आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १९५५ पासून सलग सत्तेत असलेला पक्ष पायउतार झाला. राजकारणावरचा लोकांचा विश्वास उडत चाललेला असताना ही गोष्ट लिहिली गेली, हे वाचताना सतत जाणवतं.

खेळ सोपा आहे. जिंकलात तर तुमची कोणतीही इच्छा सरकार पुरी करणार. ती कितीही स्वार्थी असो, दुसऱ्याच्या जिवावर उठणारी असो, सरकारला नाही म्हणता येत नाही. हरलात तर गुन्हेगार ठरून सक्तमजुरी. तरीही स्पर्धक तुटून पडतात. कुणालाही बंदूक लावून आणलेलं नाही, हेच मला सगळ्यात भयानक वाटतं.

'टीव्हीने माणसं बिघडवली' एवढाच अर्थ अनेकजण यातून काढतात. मला तो पटत नाही. संसद माणसाला विचारते, सगळ्यांसाठी काय बरं? त्याचं उत्तर यायला चर्चा लागते, समित्या लागतात, वर्षं जातात, आणि शेवटी हाती येतं ते अर्धंमुर्धं. क्विझ विचारते, तुला काय हवं? आणि आज रात्रीच देते. एकाच्या हट्टाची किंमत बाकीचे मोजतात, पण ते चिडत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटतं की पुढचा नंबर आपला. लोकशाही इथे कुणी हिसकावून घेतलेली नाही. लोकांनी ती स्वतःच्या एका इच्छेच्या आशेवर सोडून दिली आहे.

सूत्रसंचालक के-इ के-इची हे पात्र तर विलक्षण आहे. अख्खा देश त्याच्यावर फिदा, आणि तो स्वतः याच क्विझमध्ये हरलेला कैदी! ज्या यंत्रणेने त्याला चिरडलं तिचाच तो सर्वात लाडका चेहरा.

हे फार ताणलंय असं वाटत असेल तर १९९८ आठवा. निप्पॉन टीव्हीच्या 'देनपा शोनेन' कार्यक्रमाने नासुबी या विनोदी कलाकाराला कपड्यांशिवाय एका खोलीत ठेवलं. मासिकांतल्या बक्षीस योजनांना पत्रं पाठवायची आणि जे मिळेल त्यावर जगायचं, बक्षिसांची किंमत दहा लाख येन होईपर्यंत. आपण तेव्हाच टीव्हीवर दिसतोय हे त्याला माहीत नव्हतं. एक वर्षाहून जास्त काळ देश हसत पाहत राहिला. खोलीला कुलूप नव्हतं, असं समर्थन आजही कुणी करतं तेव्हा मला संताप येतो.

पोगोवर जावेद जाफरीच्या आवाजात आपण पाहिलेला 'ताकेशीज कॅसल' मात्र मी या माळेत ओवणार नाही. चिखलात पडलेला माणूस तिथे उठून हसत घरी जात होता.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. त्यांच्यापैकी कुणीतरी हा मांगा मराठीत आणावा, आणि एखाद्या प्रकाशकाने कोदान्शाकडे हक्कांची विचारणा करावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. कुणी ओळखीचं असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.