पाळीच्या आधीची दोन वर्षं

लेक नऊ वर्षांची असताना एका रात्री अंधारातच म्हणाली, "आई, मला काहीतरी झालंय." छातीत डाव्या बाजूला छोटीशी टणक गाठ आली होती, हात लागला की दुखायची. मोठा आजार असेल या भीतीने तिने ती पंधरा दिवस लपवली होती. ते पंधरा दिवस मला अजून बोचतात. पाळीबद्दल सांगायचं मनात होतं, पण "अजून लहान आहे" म्हणत मी ते पुढे ढकलत राहिले होते.

ती स्तनांच्या वाढीची सुरुवात होती. बहुतेक मुलींचं वयात येणं याच गाठीने सुरू होतं, साधारण ८ ते १३ या वयात. आधी एकाच बाजूला आली तरी घाबरायचं कारण नसतं. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे शरीर आपल्याला भरपूर आधी कळवतं. बोलायला तिथूनच सुरुवात करा, असं मी कळकळीने सांगेन.

आणि एकदा समोर बसवून सगळं सांगून मोकळं होऊ नका. आम्ही कपड्यांच्या घड्या घालताना थोडं थोडं बोललो. एकदा तिने विचारलं, "लघवीसारखं रोखून धरता येतं का?" आपल्याला इतकं सवयीचं झालेलं असतं की हे सांगायचं सुचतच नाही! नाही येत, म्हणून तर पॅड. "सगळं रक्त गेलं तर?" एका पाळीत मिळून दोन-तीन मोठे चमचेच जातं, हे ऐकून तिचा चेहरा सैल झाला. पहिल्यांदा लाल न दिसता तपकिरी डागही दिसू शकतो, आधी काही महिने अंगावरून पांढरं जातं, हेही सांगून ठेवलं. चड्डीला पॅड लावायचा सराव केला. पहिल्या वेळी तिने चिकट बाजू वर ठेवली होती.

पहिली एक-दोन वर्षं तारखा पुढेमागे होतात. पण दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, आठवड्याहून जास्त दिवस जात असेल किंवा १५ वर्षांपर्यंत पाळीच आली नसेल, तर डॉक्टरांकडे जा. शाळा बुडेल इतकं पोट दुखत असेल तरीही जा. "बाईच्या जातीला सोसावंच लागतं" हे वाक्य मी घरात कुणालाही बोलू देत नाही.

तिच्या बाबांनाही मी यात पहिल्यापासून घेतलं होतं. पाळी आली त्या दिवशी मी घरी नव्हते. तिने त्यांनाच सांगितलं. मी आले तेव्हा पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून ती गाढ झोपली होती.