एका तारेचा बिघाड आणि अख्ख्या असेंब्लीचं बिल

एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा पेटला की पाठोपाठ ईएसपीचा (घसरणारी गाडी सावरणारी) पेटतो, ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागीच गरगरू न देणारी) पेटतो, काही गाड्यांत चढावर गाडी मागे येऊ न देणारा हिल होल्डही बंद पडतो. एकदम तीन-चार दिवे बघून गाडीवाला आधीच घाबरलेला असतो, त्यात काउंटरवरून सांगितलं जातं की एबीएस मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल. मॉड्यूल म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉक, पंप आणि त्यावर बसवलेला कंप्युटर, सगळं मिळून एकच महागडा पार्ट. प्रत्यक्षात बऱ्याचदा गेलेला असतो एका चाकाचा स्पीड सेन्सर, आणि कित्येकदा सेन्सरही ठणठणीत असतो. स्टिअरिंग वळवताना जिथे वायर सतत वाकते तिथे ती आतून तुटलेली असते, वरचं आवरण मात्र शाबूत. या सगळ्या यंत्रणांना चारही चाकांचा वेग कळावा लागतो. एका चाकाचा सिग्नल गेला की सगळ्याच आपापला दिवा लावून बाजूला होतात.

हे शोधायला फारसं काही लागत नाही. गाडीच्या कंप्युटरमधले चालू आकडे (लाइव्ह डेटा) दाखवणारा स्कॅनर लावा, चारही चाकांचा वेग स्क्रीनवर घ्या आणि गाडी सरळ रस्त्यावर २०-३० च्या स्पीडने चालवा. एक आकडा मध्येच शून्यावर येत असेल तर ते चाक. फक्त वळताना जात असेल तर वायर. गाडी थांबत येताना तोच आकडा इतरांच्या आधी गायब होत असेल तर सेन्सर आणि चाकासोबत फिरणाऱ्या, सेन्सर ज्यावरून वेग मोजतो त्या रिंगमधलं अंतर वाढलंय, म्हणजे सेन्सरच्या बुडाशी गंज धरलाय किंवा रिंगला तडा गेलाय. नुसता गंज असेल तर तो काढून सेन्सर नीट बसवला की काम झालं, नवीन पार्टची गरजच नाही. जुन्या पद्धतीच्या कॉइलवाल्या सेन्सरचा रेझिस्टन्स मीटरने मोजता येतो, साधारण १ ते २ किलोओहम मिळतो. नव्या ॲक्टिव्ह सेन्सरला मात्र ओहम मीटर लावू नका. त्यात इलेक्ट्रॉनिक्स असतं, रीडिंगला अर्थ नसतो आणि चांगला सेन्सरही जाऊ शकतो. तिथे कपलरवर (तारा जोडणाऱ्या प्लगवर) सप्लाय येतोय का ते बघायचं.

बेअरिंगची गंमत तर वेगळीच. आता बऱ्याच गाड्यांत दात असलेली रिंग नसते, बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तिच्यावरून वेग मोजतो. दोन्ही बाजू डोळ्यांना जवळपास सारख्याच दिसतात. बेअरिंग उलटं दाबलं गेलं तर चाक झकास फिरतं, आवाज नाही, ढिलेपणा नाही, पण सेन्सरला काहीच दिसत नाही. मग कोरं बेअरिंग घालून आणलेल्या गाडीला आधी सेन्सर बदला, मग मॉड्यूल बदला असं सांगितलं जातं. चुंबकीय पट्टी दाखवणारं एक छोटं हिरवट कार्ड मिळतं. ते सीलवर धरलं की उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे आळीपाळीचे पट्टे दिसतात. पट्टे दिसतील ती बाजू सेन्सरकडे. दाबण्याआधीचं अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते न केल्याचा भुर्दंड ग्राहकाने का भरायचा?

माझा राग सेफ्टी फीचर्सवर नाही. ती हवीतच. राग आहे तो छोटा बिघाड झाला की अख्खा डबा विकण्याच्या पद्धतीवर. हेडलाइटच्या आतली एलईडी पट्टी गेली की पूर्ण हेडलाइट. काचेला आणि हाउसिंगला गोंद लावून बंद केलेलं, आतलं काही सुटं मिळत नाही. पण दिवा विझण्याचं कारण पुष्कळदा आतली एलईडी नसते, हेडलाइटच्या मागे स्क्रूने बसवलेलं, एलईडीला वीज पुरवणारं ड्रायव्हर मॉड्यूल असतं आणि ते बऱ्याच मॉडेल्सना सुटं मिळतं. मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर तेच. मोटर कॅलिपरवर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर) दोन बोल्टने लावलेली असते, तरी मोटर गेली की आख्खं कॅलिपर गळ्यात मारतात.

टायर प्रेशर सेन्सरचं गणित आधीच समजून घेतलेलं बरं. आतली लिथियम बॅटरी रेझिनमध्ये ओतून बंद केलेली असते, बदलण्यासारखी नसते, आणि ५ ते १० वर्षांत संपतेच. चारही एकाच वयाचे असल्याने एक गेला की बाकीचे फार मागे राहत नाहीत. म्हणून त्या वयाच्या गाडीचे टायर बदलताना सेन्सरही उरकून घ्या, नाहीतर रिमवरून टायर पुन्हा उतरवण्याची मजुरी द्यावी लागते. कंपनीचाच सेन्सर हवा असं काही नाही. प्रोग्रॅम करता येणाऱ्या चांगल्या सेन्सरमध्ये जुन्याचा आयडी कॉपी करता येतो, गाडीला फरक कळत नाही. फक्त फ्रिक्वेन्सी जुळली पाहिजे, ३१५ की ४३३ मेगाहर्ट्झ. नुसता व्हॉल्व्ह तुटला असेल तर बघा, बऱ्याच सेन्सरचा व्हॉल्व्ह एका स्क्रूने वेगळा होतो. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये हवा अडवणारा आतला पिन साधा पितळी घातला की दोन धातूंमध्ये गंज धरून तो जाम होतो आणि पुढच्या वेळी काढताना व्हॉल्व्हच तुटतो. तिथे निकेल चढवलेला पिन लागतो.

विंडशील्डच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. काचेमागचा रस्ता बघणारा कॅमेरा काच बदलल्यावर कॅलिब्रेट करावाच लागतो, म्हणजे त्याची दिशा पुन्हा नेमकी जुळवावी लागते. दिशा १ अंशाने चुकली तर ५० मीटरवर जवळपास ८७ सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्याच लेनमध्ये वाटू शकते. स्टॅटिक (गाडी उभी ठेवून केलेल्या) कॅलिब्रेशनला सपाट जमीन, ठरावीक अंतरावर बोर्ड आणि चारही टायरमध्ये बरोबर हवा लागते. ‘दिवा पेटत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण थोडा वाकडा कॅमेरा कुरकुर न करता चुकीचं बघत राहतो. पुढच्या गाडीचं अंतर मोजणाऱ्या रडारचंही तसंच. ७७ गिगाहर्ट्झच्या रडारसमोर लोगो असेल तर तो त्याच कामासाठी बनवलेला असतो, डुप्लिकेट क्रोमचा लोगो रडारला आंधळं करतो. ब्लाइंड स्पॉटचं (आरशात न दिसणारी बाजू बघणारं) रडार मागच्या बंपरच्या कोपऱ्यात असतं, तिथे पुट्टी भरून रंगाचे थरावर थर दिले की तोच प्रकार.

आणि मग लोक काय करतात? बिल बघून फीचर बंद ठेवतात. त्याहून वाईट, दिवा गप्प करतात. एअरबॅगच्या जागी साधारण २ ओहमचा रेझिस्टर जोडला की कंप्युटरला एअरबॅग जागेवर आहे असं वाटतं. सेकंडहँड गाडी घेताना इग्निशन चालू करून बघा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. मुळात पेटतच नसेल किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याच्या जोडीनेच विझत असेल तर कुणीतरी हात मारलाय. रेझिस्टरवाली गाडी मात्र ही परीक्षाही पास होते. तिथे ट्रिम उघडून बघणं हाच उपाय.

वाईट याचं वाटतं की एअरबॅगचा दिवा बऱ्याचदा स्वस्तात सुटणारा असतो. सीटखालचा पिवळा कपलर सैल झालेला असतो, किंवा स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटलेली असते. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणंही सोबत गेली असतील तर संशय क्लॉक स्प्रिंगवरच. कपलरला हात लावण्याआधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबलेलं असावं, कारण मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. एअरबॅगच्या तारांना मीटर लावायचा नाही. भंगारातली एअरबॅगही घ्यायची नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने बिघडलं आणि धातूचे तुकडे उडून माणसं गेली. जुन्या बॅगेने किती उन्हाळे खाल्लेत हे तिच्याकडे बघून कळत नाही.

ब्रेक पॅड, सेन्सर, बेअरिंग यांत मूळ पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातला माल घ्यायला माझी हरकत नाही. पॅडवर संयुक्त राष्ट्रांच्या नियम ९० चं ई-मार्क (मंजुरीची खूण) असेल तर त्याची ब्रेकिंग मूळ पॅडशी ताडून बघितलेली असते. अडचण येते ती कोडिंग लागणाऱ्या, म्हणजे सॉफ्टवेअरने गाडीशी जोडाव्या लागणाऱ्या पार्टची. मॉड्यूल बाहेरून आणलं तरी कंपनीच्या सर्व्हरने परवानगी दिल्याशिवाय बऱ्याच गाड्या ते स्वीकारत नाहीत. चोरीचा माल रोखायला हे हवं, मान्य. पण मग त्या परवानगीचे दर उघड असावेत आणि ती बाहेरच्या गॅरेजलाही मिळावी.

तोवर पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागा: दुरुस्तीआधीच्या फॉल्ट कोडची प्रिंट, दुरुस्तीनंतरची प्रिंट आणि काढलेला जुना पार्ट. काच किंवा बंपर बदलला असेल तर कॅलिब्रेशनचा रिपोर्ट वेगळा, तारीख आणि चॅसी नंबरसह.