‘बाक दिसला की एम ४१.९’ : हे कुणी शिकवलं?

कोल्हापुरात मेडिकल कोडिंग (डॉक्टरांच्या नोटमधल्या आजारांना विम्याच्या क्लेमसाठी ठरलेले कोड देणं) शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर स्कोलिओसिसबद्दल, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकण्याबद्दल, एक मेसेज फिरतोय: “स्कोलिओसिस असला की डोळे झाकून एम ४१.९ टाका, क्लेम पास होतो. प्रकार वयावरून ठरवा, कोन एक्स-रेवरून मोजा. डॉक्टरांना विचारत बसू नका.” राजारामपुरीत बसून अमेरिकेतल्या रुग्णांच्या चार्टवर काम करणाऱ्या नवख्यानं हे ऐकलं, तर पहिल्याच ऑडिटला तो सापडणार.

एम ४१.९ (प्रकार न सांगितलेला स्कोलिओसिस) हा कोड खराच आहे. नोटमध्ये नुसतं ‘स्कोलिओसिस, फॉलोअप’ एवढंच असेल तर तोच बरोबर. पण ‘ॲडोलेसंट इडिओपॅथिक स्कोलिओसिस, थोरॅसिक, उजवीकडे वक्र, कॉब अँगल २८ अंश’ (किशोरवयातला, कारण न सापडलेला बाक, छातीच्या भागात, वाकण्याचा कोन २८ अंश) असं लिहिलेलं असताना एम ४१.१२४ सोडून .९ टाकणं म्हणजे समोरचं न वाचणं. शेवटचा ४ थोरॅसिकचा. थोरॅकोलंबरला (छाती आणि कंबर जुळतात तिथं) ५, लंबरला (कंबरेला) ६. बाक जन्मतःच अर्धवट घडलेल्या मणक्यामुळं असेल, तर एम ४१ मध्ये राहायचंच नाही, क्यू ७६.३ वर जायचं. एम ४१ च्या खाली एक्सक्लूड्सची (इथं काय कोड करायचं नाही ते सांगणारी) टीप त्यासाठीच आहे, पण ती वाचतो कोण! सेरेब्रल पाल्सीमुळं असेल तर एम ४१.४ चा गट, आणि मूळ आजाराचा कोडही सोबत.

वयाचं म्हणाल, तर मुलगी १५ वर्षांची आहे म्हणून आजार इडिओपॅथिक ठरत नाही. बाकीची कारणं तपासून बाद केल्यावर डॉक्टर त्या निष्कर्षाला येतात. तो त्यांनी लिहिलेला पाहिजे.

कोनाची तर गंमतच आहे. निदानाला किमान १० अंश लागतात, हे खरं. पण एम ४१ च्या कोडमध्ये अंशांना जागाच नाही, उजव्या-डाव्यालाही नाही. मग फिल्मवर पट्टी लावून कोडर करणार काय? कोन नोटमध्ये हवा तो वेगळ्या कामासाठी: ब्रेस किंवा ऑपरेशनची मंजुरी देताना विमा कंपनी तो बघते. ओपीडीत रेडिओलॉजिस्टच्या अंतिम रिपोर्टमधलं पक्कं निदान घेता येतं. ‘स्कोलिओसिसची शक्यता’ असेल तर घेता येत नाही. तिथं पाठदुखी लिहिली असेल तर पाठदुखीच कोड करायची.

राहिलं डॉक्टरांना विचारणं. हे तर कोडरचं रोजचं काम, त्याला क्वेरी म्हणतात. फक्त उत्तर त्यांच्या तोंडी घालायचं नाही. ‘ॲडोलेसंट इडिओपॅथिक लिहू ना, सर?’ ही क्वेरी चुकीची. ‘नोटमध्ये स्कोलिओसिसचा प्रकार आणि मणक्याचा भाग नोंदलेला नाही, तुमच्या तपासणीनुसार कृपया स्पष्ट करावा’ ही चालते. उत्तर आलं की ते रेकॉर्डला लागतं, आणि मगच कोड बदलायचा.