कवडीला पीळ असतो, पण आतल्या बाजूला

नमस्कार. कवडीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, शंखाला पीळ असतो आणि कवडीला नसतो, मग ती समुद्री गोगलगाईची कशी? मी तिला ‘शिंपली’ म्हटलं, हेही तुम्हाला खटकलं. आणि ‘चकचकीत कवडी बहुधा जिवंत धरलेली असते’ या वाक्यामुळे कवड्यांची माळ घालणाऱ्या देवीच्या भक्तांच्या, म्हणजे आराध्यांच्या, श्रद्धेवर बोट ठेवल्यासारखं वाटलं.

शिंपलीचं तुमचं अगदी बरोबर. शिंपलीला दोन झडपा असतात, कवडीचं कवच एकसंध. लेखात दुरुस्ती केली आहे.

पीळ मात्र असतो. माझ्या आजीच्या माळेत पाठीवर फुटलेली एक कवडी आहे. ती उजेडात धरली की आत गुंडाळलेल्या कागदासारखी वळत गेलेली पातळ भिंत दिसते. कवडीचं पिल्लू इतर शंखांसारखंच असतं: कवच पातळ, तोंड रुंद, टोकाला इवलासा कळस. वयात येताना शेवटचा वेढा आधीच्या वेढ्यांना पोटात घेतो, तोंडाची कड आत वळते, तिला दात येतात आणि उरते ती अरुंद चीर. पुढे कवडी लांबीला वाढत नाही, नुसती जाड होत जाते.

चकाकीचं म्हणाल तर ती कुणी घासून आणलेली नसते. जिवंतपणी या प्राण्याच्या अंगाची मऊ घडी, म्हणजे प्रावार, दोन्ही बाजूंनी वर येऊन पाठ झाकते आणि तीच त्या गुळगुळीत थरावर थर चढवत राहते. प्राणी मेल्यावर कवडी लाटांत घासत, उन्हात तापत पडली की पांढुरकी, खडबडीत होते. किनाऱ्यावर स्वतः वेचून पाहा. म्हणूनच मी ‘बहुधा’ लिहिलं, आणि तो शब्द मागे घेणार नाही.

पैसा म्हणून चाललेली कवडी, प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये जिच्या नावातच ‘मोनेटा’ (लॅटिनमध्ये नाणं) घातलं ती, मुख्यतः मालदीवहून यायची. चौदाव्या शतकात तिथे राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहितो की प्राणी समुद्रातून काढून खड्ड्यांत घालतात, मांस गेलं की पांढरं हाड उरतं, आणि बंगालचे लोक तांदूळ देऊन ते नेतात. बंगालात 4 कवड्यांचा गंडा, 20 गंड्यांचा पण, 16 पणांचा कहन. एका कहनात 1280 कवड्या, म्हणजे तेवढेच जीव. ‘कवडीमोल’ म्हणताना हा हिशेब माझ्या मनातून जात नाही.

आराध्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आजीला ती माळ तिच्या सासूकडून आली, आणि नवरात्रात मीही ती गळ्यात घालते. माझं म्हणणं नवीन माळांपुरतं आहे: जुनी माळ घरात असताना दुकानातून नवी आणू नये.

तुमच्या घरी पाठ घासलेली किंवा फुटलेली कवडी असेल, तर एकदा आत डोकावून बघा आणि काय दिसलं ते मला नक्की लिहा.